बुटाचा सोल घरी बदलायचा असेल तर

वडिलांचे तपकिरी डर्बी बूट मी पहिल्यांदा उघडले तेव्हा वाटलं होतं, काम म्हणजे नवा सोल चिकटवणं. दुपारी चिकटवला, संध्याकाळी बाबा घालून गेले, आणि चौथ्या दिवशी भर पावसात चवड्याजवळ सोलनं तोंड उघडलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गटई कारागीर बसायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्याकडे बूट नेला. त्यांनी सोल हातानं ओढून पूर्ण वेगळा केला आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा थर काचेसारखा गुळगुळीत होता. चामड्याचा एक तंतूसुद्धा त्याला लागून आला नव्हता. "खरवडलंच नाहीस पोरी," एवढंच म्हणाले.

पुढचे दोन उन्हाळे मी संध्याकाळी त्यांच्या ताडपत्रीखाली बसून हे काम शिकले. तेव्हापासून घरातले, मित्रमंडळींचे बूट मीच उघडते. सोल टिकणार की सुटणार हे नवा सोल लावण्याआधीच ठरलेलं असतं. जुना कसा काढला, आतलं किती वाळू दिलं, खरवडलं किती, यावर सगळं आहे. म्हणून या लेखात त्या भागांवरच मी जास्त थांबणार आहे.

आधी बूट ओळखा

हत्यार हातात घेण्याआधी बूट उलटा करा, मग आत हात घाला. सोल कसा जोडलाय ते कळल्याशिवाय काही कापू नका.

अप्परच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या चामडी भागाच्या, कडेनं बुटाभोवती चामड्याची अरुंद पट्टी फिरलेली असेल आणि तिच्यावर टाके दिसत असतील, तर तो वेल्टचा बूट. यात दोन वेगळ्या शिवणी असतात. आतली शिवण अप्पर, अस्तर आणि इनसोल (पायाखाली येणारा आतला तळ) यांना वेल्टच्या पट्टीशी बांधते. बाहेरची शिवण सोलला त्या पट्टीशी बांधते. बाहेरची कापली तरी बूट जसाच्या तसा राहतो, फक्त सोल सुटतो. पुन्हा पुन्हा सोल बदलता यावा अशीच ही रचना आहे. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलानं, चार्ल्स गुडइयर ज्युनिअर यांनी, १८७० च्या सुमारास ही शिवण यंत्रावर आणली, म्हणून तिला गुडइयर वेल्ट म्हणतात. त्याआधी ती हातानं होत असे, आजही काही ठिकाणी होते.

बाहेर पट्टी नाही, पण आत इनसोलवर बोटांना टाक्यांची रांग लागते, तर तो ब्लेक शिलाईचा बूट. अमेरिकेत लायमन ब्लेक यांनी १८५८ साली त्या यंत्राचं पेटंट घेतलं. एकच शिवण इनसोलपासून सोलपर्यंत आरपार जाते. बूट हलका आणि लवचिक होतो, पण त्याच भोकांतून पाणी आत येतं. हा घरी पूर्ण शिवणं अवघड आहे. जुना सोल काढणं आणि नवा चिकटवणं घरी करा, शिलाई यंत्र असलेल्या कारागिराकडून मारून घ्या.

दोन्हीपैकी काही नसेल तर तो नुसता चिकटवलेला बूट. बाजारातले बहुतेक बूट असेच असतात. इथे एक फसगत होते. पुष्कळ चिकटवलेल्या बुटांना शोभेची वेल्ट लावलेली असते आणि तिच्यावर टाकेही असतात, पण ते टाके सोलपर्यंत पोचतच नाहीत. सोलच्या खाली चरीत दोरा दिसतो का बघा. वर टाके आहेत आणि खाली काहीच नाही, तर शिवण दिखाऊ आहे.

चौथा प्रकार साच्यात ओतलेल्या सोलचा. त्यात सोल थेट अप्परवर तयार होतो, कुठेही सांधा नसतो. असा बूट घरी उघडायला जाऊ नका. कारखान्यातले आयएस १५२९८ मानकाचे सेफ्टी शूजही घरी दुरुस्त करू नका. पायावर लोखंड पडलं तर ते वाचवतील ही खात्री तयार बुटाच्या चाचणीवर दिलेली असते, आपल्या हातच्या सोलवर नाही.

कधी बदलायचा

सोलला भोक पडेपर्यंत थांबू नका. बूट उलटा धरून चवड्याच्या बरोबर मधोमध अंगठा दाबा. कडेपेक्षा मध्य मऊ लागला, आत दबला, तर वेळ झाली आहे. भोक पडलं की पाणी सोलच्या आतल्या कॉर्कच्या भरण्यात जातं, तिथून इनसोलमध्ये. इनसोल कुजला तर सोल बदलून काही साधत नाही, बूट नव्यानंच बांधावा लागतो.

अप्परवर घडी पडते तिथे चामड्याला आरपार चिरा गेल्या असतील तर सोलवर मेहनत घेऊ नका. वरवरच्या बारीक सुरकुत्या चालतात. टाचेच्या मागचा कडक भाग दोन बोटांत दाबून बघा. पुठ्ठ्यासारखा मोडत असेल तर तोही बूट संपल्यात जमा.

कपाटात ठेवलेल्या बुटांबद्दल स्वतंत्र सांगते, कारण मला सर्वांत जास्त विचारणा त्यांचीच होते. लग्नात घातलेले, पेटीत ठेवून दिलेले बूट चारपाच वर्षांनी काढले आणि दोन पावलांत सोलचा भुगा झाला. हा सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. वापरला नाही तरी ही झीज थांबत नाही, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर होते. ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांत रबराच्या वर हाच पीयूचा थर असतो, म्हणून राजगडाच्या वाटेवर अचानक अख्खा सोल गळून हातात येतो. भुगा झालेल्या पीयूवर कुठलंही सोल्यूशन धरत नाही. तो शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढायचा आणि नवा सोल लावायचा, दुसरा उपाय नाही.

हत्यारं आणि सामान

रापी, म्हणजे चामडं कापायची आणि छिलायची रुंद पात्याची सुरी, सगळ्यांत महत्त्वाची. तिला रोज धार हवी. बोथट रापी जास्त जोर मागते आणि जोर लावला की ती हातावर घसरते. दोन आऱ्या, म्हणजे चामड्याला भोक पाडायची हत्यारं, घ्या, एक साधी टोकदार आणि एक टोकाशी आकडा असलेली. जंबूर (पकड), गोल तोंडाची हातोडी, जाड कानस, ४०, ६०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. बूट उलटा बसवायला तीन तोंडांची लोखंडी ऐरण जुन्या बाजारात मिळते, तीही घ्याच. ऐरणीशिवाय खिळा ठोकला तर हातोडीचा सगळा जोर अप्परमध्ये जिरतो.

मुंबईत हे सामान धारावीत आणि कुर्ला-चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत मिळतं, कारण तिथे चामड्याचं आणि पादत्राणांचं काम गल्लोगल्ली चालतं. इतर शहरांत तुमच्या जवळच्या गटई कारागिरालाच विचारा, माल कुठून भरता म्हणून. मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

सोल कशाचा घ्यायचा? पावसाळ्यात घालायचे असतील तर रबर. पाच-सहा मिलिमीटर जाडीची, खालून नक्षी असलेली शीट घ्या. बसाल्टच्या ओल्या कातळावर चालायचं असेल तर खोल खाचांचा सोल लागतो. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये सहा सोबती गेल्यावर विताले ब्रामानी यांनी तसा रबरी सोल तयार करायला घेतला, तोच पुढे विब्रम नावानं जगभर गेला. ऑफिसच्या बुटाला कोरड्या दिवसांत चामडी सोल मला सर्वांत आवडतो. पायाला हवा लागते आणि सोल हळूहळू पायाचा आकार घेतो. तो झाडाच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेल्या जाड चामड्याचा हवा. जॅकेटचं किंवा पर्सचं मऊ चामडं सोलला चालत नाही. टायरचा सोल टिकतो खरा, पण जड असतो आणि वाकत नाही. डर्बीला तो लावू नका.

जुना सोल काढणं

बूट आधी पूर्ण कोरडा हवा. पावसात भिजलेला असेल तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस सावलीत ठेवा, कागद ओला झाला की बदला. उन्हात किंवा गॅसजवळ नको. ओलं चामडं तापवलं की आखडतं आणि कायमचं कडक होतं.

पॉलिश आत्ता करू नका. मेणाचा हात लागला तिथे सोल्यूशन धरत नाही. अप्परच्या खालच्या दोन बोटांवर कागदी चिकटपट्टी फिरवून घ्या. पुढे कानस आणि पॉलिश पेपर निसटणारच आहे, तेव्हा ती पट्टी अप्परला वाचवते.

अख्खा सोल बदलायचा तर आधी टाच काढावी लागते. पण घरी पहिल्यांदा करताना मी हाफ सोलच सुचवीन, म्हणजे चवड्याकडचा अर्धा सोल. झीज तिथेच होते आणि टाचेला हात लावावा लागत नाही.

कमानीखाली सोल जिथे अरुंद होतो, तिथे रापीनं आडवी रेघ आखा. चवडा जमिनीला टेकतो त्या भागाच्या ती चांगली मागे हवी, नाहीतर सांधा रोज वाकेल आणि सुटेल. या रेघेवर सरळ खाली कापू नका. रापी आडवी धरून दीड-दोन सेंटिमीटरची उतरण छिला, म्हणजे जुना सोल पुढच्या बाजूला पातळ होत शून्यावर येईल. नव्या तुकड्याच्या मागच्या कडेला तशीच उलटी उतरण करून तो जुन्याच्या वर बसवायचा. नवा बाहेरून आणि कड मागे, हे विसरू नका. चालताना जमीन सोलला मागे घासत जाते. कड पुढे तोंड करून असेल तर प्रत्येक पावलाला ती उचकटली जाते.

वेल्टच्या बुटात रापीचं पातं वेल्ट आणि सोल यांच्या फटीत घाला. धार सोलच्या बाजूला झुकलेली असू द्या. चूक झालीच तर टाकून द्यायच्या सोलवर होऊ दे, वेल्टवर नको. एकेक टाका कापत पंजाभोवती या. घाई वाटली की थांबा. वेल्ट कापली गेली तर ती बदलायला आतली शिवण उसवावी लागते आणि ते काम वेगळ्याच पातळीचं आहे. शिवण सुटली की सोल जंबुरात धरून मागून पुढे सोला. वेल्टमध्ये अडकलेले दोऱ्याचे तुकडे एकेक उपटून काढा, भोकं मोकळी हवीत.

चिकटवलेल्या बुटाचा सोल केस वाळवायच्या ड्रायरनं गरम करा. एक भाग मिनिटभर, हाताला चांगला ऊन लागेपर्यंत, मग तो भाग सोला आणि पुढे जा. एकदम ओढलं तर अप्परचा तळाकडे वळवलेला काठ सोलबरोबर फाटून येतो.

आत काय दिसतं

हा क्षण मला दर वेळी आवडतो. वेल्टच्या बुटात इनसोलच्या खाली वेल्टच्या उंचीइतका खोलगट भाग असतो आणि त्यात कॉर्कचा भरणा. वर्षानुवर्षं चालून त्यात त्या माणसाच्या चवड्याचा ठसा उमटलेला असतो. बाबांच्या बुटात अंगठ्याखालचा खळगा इतका स्पष्ट होता की अंगठा त्यात बोटानं चाचपता येत होता. मागे कमानीखाली लोखंडाची एक अरुंद पट्टी असते, तिला शँक म्हणतात. ती बुटाला कमरेत मोडू देत नाही.

कॉर्क कोरडा आणि घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. ओला, काळा, कुबट वास येणारा असेल तर खरवडून काढा आणि बूट तसाच उघडा एक दिवस ठेवा. शँक हलत असेल तर तिच्याखाली सोल्यूशन सोडून पक्की करा. नव्या बुटासारखा कुईकुई आवाज येतो म्हणून लोक तेल सोडतात, पण बऱ्याचदा आवाज सैल शँकचा किंवा सुटलेल्या कॉर्कचा असतो. नवा भरणा म्हणून कॉर्कचा बारीक चुरा सोल्यूशनमध्ये कालवून दाबून भरा, किंवा दोन मिलिमीटरची कॉर्क शीट कापून बसवा. वेल्टच्या पातळीला तो बरोबर यायला हवा. वर आला तर चवड्याखाली गोटा टोचत राहील.

नवा तुकडा आणि खरवडणं

बूट जाड कागदावर ठेवून पेन्सिल उभी धरून कड आखा. डावा आणि उजवा वेगळा आखा, एकावरून दुसरा उलटवू नका. बाहेरून तीन-चार मिलिमीटर जादा ठेवून कापा.

चामडी सोल असेल तर तो तसाच लावत नाहीत. दोन-तीन तास पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरेल. मामांकडे त्यासाठी लाकडी काथवट होती. संत रोहिदासांच्या कथेत गंगा येते ती कठौत म्हणजे चामडं भिजवायचं हेच भांडं, हे मला त्यांनीच सांगितलं. सकाळी चामडं दगडावर ठेवून हातोडीच्या गोल तोंडानं मधून कडेकडे ठोका. तंतू एकमेकांत दबतात, चामडं किंचित पातळ आणि टणक होतं आणि उशिरा झिजतं. मग ते सावलीत पूर्ण वाळू द्या. सोल्यूशन लावताना ओल राहिलेली चालत नाही.

आता खरवडणं. वेल्टची खालची बाजू, अप्परचा वळवलेला काठ आणि नव्या तुकड्याची आतली बाजू, तिन्ही खरवडायच्या. जुन्या सोल्यूशनचा एकही चकचकीत ठिपका राहता कामा नये. नवं सोल्यूशन जुन्यावर बसतं, जुनं कधीतरी सुटतं आणि सगळंच निघून येतं. ४० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून जोर लावा. चामडं मखमलीसारखं दिसू लागलं, त्यावर बारीक तंतू उभे राहिले, की झालं. सोल्यूशन त्या तंतूंच्या मुळात शिरून बसतं. माझ्या पहिल्या सोलवर एकही तंतू का आला नव्हता ते तिथे कळलं. रबर खरवडताना वरची काळी चकाकी पूर्ण जाऊन रंग निस्तेज करडा दिसला पाहिजे. एका बुटाला माझी पंधरा-वीस मिनिटं इथे जातात, आणि कमी लागली तर मी पुन्हा बघते.

मग कोरड्या ब्रशनं धूळ झटका. फुंकू नका, तोंडातली ओल जाते. खरवडलेल्या जागेला हात लावू नका.

चिकटवणं

आपल्याकडे सगळे सोल्यूशन म्हणतात ते पिवळसर रबरी सोल्यूशन, फेविकॉल एसआर ९९८ च्या जातीचं. चामडं आणि साधं रबर याला ते उत्तम. पीव्हीसीच्या सोलला ते नीट धरत नाही, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेल हळूहळू बाहेर येऊन जोड ढिला करतं. टीपीआर, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकच्या सोलला, आधी प्रायमर लागतो. तयार सोल घेताना दुकानदाराला तो कशाचा आहे ते विचारा आणि त्याच्याच जोडीचं सोल्यूशन मागा. पीव्हीसीला पीयूचं सोल्यूशन चालतं. एका थेंबात चिकटणारे झटपट गोंद सोलला वापरू नका. ते वाळून काचेसारखे कडक होतात आणि सोल वाकला की तडकतात.

खिडक्या उघडा. यातलं द्रावण डोक्यात जातं आणि पेट घेतं, म्हणून जवळ गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा काही नको.

दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि वाळू द्या. चामडं पहिला थर पिऊन टाकतं, त्यामुळे अर्ध्या तासानं दुसरा लावा. दुसऱ्यानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा. चिकट लागेल पण बोटाला काही लागून येणार नाही, तेव्हा जोडायची वेळ. ओलं असताना जोडलं तर द्रावण आत कोंडतं, आणि सगळ्यांत जास्त सोल या उतावीळपणानं सुटतात.

जोडताना दुसरी संधी नसते. टेकलं की चिकटलं. आधी पुढचं टोक लावा, मग मध्यरेषेनं मागे या, शेवटी कडा. मधून कडेकडे हातोडीनं ठोका, कडेला दाट ठोका. मग चोवीस तास हात लावू नका.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट. जुलैत पाऊस चालू असताना हे काम मी करत नाही. द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. सोल्यूशनवर दुधट पांढुरकी झाक आली तर समजा तेच झालं. तो थर खरवडून पुन्हा लावा. अगदी करायलाच हवं असेल तर दोन थरांच्या मधे आणि जोडण्याआधी ड्रायरची कोमट हवा द्या.

शिवण

चिकटवलेल्या बुटाचं काम इथे संपतं, पण त्यालाही कडेनं टाके मारून घेतले तर तो अधिक टिकतो. रस्त्यावरचे कारागीर आकड्याच्या आरीनं हेच करतात. आरी बाहेरून आत जाते, आत दोऱ्याचा वेढा आकड्यात अडकवून बाहेर येते, आणि त्या वेढ्यातून दुसरा दोरा ओवला जातो.

वेल्टच्या बुटाला मी दोन सुयांचा टाका घालते. सोलच्या खाली कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत एक-दीड मिलिमीटर खोल चर कोरा. दोरा त्यात बुडतो आणि जमिनीला घासत नाही. दोरा जाड पॉलिस्टरचा, एक मिलिमीटरच्या आसपास. मेण आणि राळ एकत्र वितळवून केलेल्या गोळ्यावरून तो तीन-चारदा ओढा. मेणानं पाणी अडतं, राळेनं टाका जागी धरून राहतो. लांबी शिवणीच्या सातपट घ्या. हाफ सोलची शिवण साधारण चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर असते, म्हणजे तीन मीटर दोरा. दोन्ही टोकांना सुई ओवा.

आरी वेल्टच्या जुन्याच भोकातून वरून घाला आणि खाली चरीत बाहेर काढा. जुनी भोकं सोडून मधे नवी पाडली तर वेल्ट टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते आणि एक दिवस रांगेनं फाटते. भोक पडलं की एक सुई वरून, एक खालून, त्याच भोकातून आरपार. दुसरी सुई पहिल्याच्या दोऱ्यात घुसत नाही ना ते बघा. मग दोन्ही टोकं एकाच जोरानं ओढा. प्रत्येक टाक्याला तोच जोर, ही सवय पहिल्या बुटात येत नाही, दुसऱ्यात येते. शेवटी तीन भोकं मागे येऊन दोरा कापा. चरीवर हातोडीचं तोंड फिरवून तिच्या कडा मिटवा.

कड आणि टाच

जादा ठेवलेली कड रापीनं छिला, मग ६०, १२०, २२० असं घासत जा. चामडी कडेला ओल्या फडक्यानं हलकं पुसून रंग द्या आणि वर मेण. मेण लावून गरम चमच्याच्या पाठीनं दाबून घासलं की कड आरशासारखी होते.

टाच सोपी आहे, पण ती टाळली तर नव्या सोलची चाल बिघडते. बहुतेकांची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर झिजते. शेवटचा थर जंबुरानं काढा. खालचे थर तिरके झिजले असतील तर त्या कोपऱ्यात चामड्याची पाचर चिकटवून पातळी करा. नवा सहा मिलिमीटरचा रबरी थर चिकटवा आणि पंधरा मिलिमीटरचे खिळे कडेनं मारा. मग बुटात हात घालून इनसोल चाचपा. कुठे टोक लागलं तर तो खिळा काढून आखूड मारा. बूट काचेच्या टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल तर अजून घासायचं आहे. फार लवकर टाच झिजवणाऱ्यांनी कोपऱ्यात लोखंडी नाल ठोकून घ्यावी, फक्त ओल्या फरशीवर ती घसरते हे ध्यानात ठेवावं.

ही कामं करून झाली की मग पॉलिश.

कारागिराकडे द्यायचं असेल तर

हे सगळं वाचून घरी करायचं नाही असं ठरलं तरी काय सांगायचं ते कळलं पाहिजे. वेल्टचा बूट असेल तर "जुन्या भोकातूनच शिवा" म्हणा. "जुनं सोल्यूशन पूर्ण काढा, मला घाई नाही" म्हणा आणि खरोखर दोन दिवस द्या. उभ्या उभ्या दहा मिनिटांत करून मागितलं तर दहा मिनिटांचंच काम मिळतं. जूनच्या पहिल्या पावसात त्यांच्याकडे छत्र्या आणि चपलांचा ढीग असतो, त्यामुळे बूट मे महिन्यात न्या. आणि खरवडणं, शिवणं, टाच यांचे वेगळे पैसे सांगितले तर द्या. वर वाचलंतच, वेळ कुठे जातो.

नवा सोल लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस बूट घरात, कोरड्या जमिनीवर घाला. आठवड्यानं पंजाची कड नखानं उचकून बघा. बारीकशी फट दिसली तर ती तेव्हाच खरवडून चिकटवा, पाणी शिरलं की ती वाढते. दोन जोड असतील तर आलटून पालटून घाला, घामाची ओल निघायला एक दिवस लागतो. कागदाचे साचे टाकू नका. त्यावर तारीख, सोलची जाडी आणि दोऱ्याची जात लिहून बुटाच्याच खोक्यात ठेवा. बाबांच्या डर्बीच्या खोक्यात आता तीन तारखा आहेत, आणि वेल्ट अजून पहिलीच आहे.